जळगावहून विमानाने: अंतर किती, वेळ किती? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जळगावात आमचं तिकीट बुकिंगचं छोटं दुकान आहे. आधी फक्त रेल्वे आणि ट्रॅव्हल्सची तिकिटं काढायचो, कुसुंब्याच्या विमानतळावर विमान उतरायला लागल्यापासून विमानाचीही काढतो. तेव्हापासून फोनवर आणि व्हॉट्सॲपवर तेच ते प्रश्न येतात. अमळनेरच्या एका आजीबाईंनी विचारलं होतं, "मुंबईले जावाले कितला येळ लागस?" मी म्हटलं, सव्वा तास. आजी हसल्या आणि म्हणाल्या, घरापासून सांग. तेव्हापासून घरापासूनच सांगतो. खालची उत्तरं त्याच हिशोबाने लिहिली आहेत. जिथे एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आहे तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. जळगाव ते मुंबई अंतर नेमकं किती?

कशाने जाणार त्यावर आहे. विमानतळापासून विमानतळापर्यंत, सरळ रेषेत, सुमारे ३५५ किलोमीटर. रेल्वेने जळगाव स्टेशन ते सीएसएमटी ४२० किलोमीटर. रस्त्याने धुळे, मालेगाव, नाशिक, कसारा घाट असं गेलात तर साधारण रेल्वेइतकंच. जळगावात कुठून निघता आणि मुंबईत कुठे उतरता यावर दहा-वीस किलोमीटर इकडे-तिकडे होतात.

रेल्वे आणि रस्ता दोघांनाही सह्याद्री उतरायला कसाऱ्याचीच वाट धरावी लागते, म्हणून हा पासष्ट किलोमीटरचा फेरा. विमानाला घाट नाही.

२. एक साइट ३५५ सांगते, दुसरी वेगळंच काही, तिसरी ४२०. खरं कुणाचं?

बहुतेक वेळा तिन्ही खरी असतात, मोजायला घेतलेली टोकं वेगळी असतात. काही ठिकाणी शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात. म्हणजे जळगावचं टॉवर चौक ते दक्षिण मुंबईचं टोक. काही ठिकाणी विमानतळ ते विमानतळ. मुंबईचा विमानतळ शहराच्या उत्तरेला, अंधेरी-सांताक्रूझकडे, आणि आपला शहराबाहेर कुसुंब्याला. एवढ्यानेच आकडा दहा-पंधरा किलोमीटरने हलतो. ४२० वालं साइट रेल्वेचं किंवा रस्त्याचं अंतर देतंय, हे उघड आहे.

आणखी एक गोंधळ नॉटिकल मैलाचा. विमानवाले अंतर नॉटिकल मैलात मोजतात आणि एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. कुठे '१९२' असा आकडा दिसला तर तो चुकीचा नाही, ते तेच ३५५ किलोमीटर आहेत.

३. ३५५ किलोमीटरला विमानाला पंचवीस मिनिटं पुरे. मग तिकिटावर सव्वा तास का लिहितात?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्याचं गणित चुकलेलं नसतं. त्याने धरलेला वेग चुकतो आणि 'वेळ' या शब्दाचा अर्थ वेगळा निघतो.

आधी वेग. लोक ताशी आठशे किलोमीटर धरतात, कारण मोठी जेट विमानं वर गेल्यावर साधारण त्याच वेगाने जातात. अंतर-वेळ सांगणारी बरीच साइटही डोळे झाकून हाच आकडा वापरतात. जळगावला येणारं विमान असतं एटीआर ७२, दोन पंख्यांचं, सत्तरेक आसनांचं. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. ३५५ ला ५०० ने भागलं की ४३ मिनिटं येतात. पण हेही विमान धावपट्टीवरून उठल्याक्षणी ५०० ने पळू लागलं आणि मुंबईत टेकेपर्यंत तसंच पळत राहिलं, असं धरल्यावर. चढताना आणि उतरताना वेग बराच कमी असतो, शिवाय विमान नाकासमोर जात नाही. धावपट्टी ज्या दिशेला आहे त्या दिशेने उठायचं, मग वळायचं, ठरलेल्या हवाई मार्गाला लागायचं, मुंबईजवळ आलं की रांगेत शिरायचं. हवेतली वेळच पन्नास मिनिटं ते तास होते.

आता तिकिटावरची वेळ. ती हवेतली वेळ नसते. उभ्या विमानाच्या चाकांना अडसर लावलेले असतात, आपण बैलगाडीच्या चाकाला दगड लावतो तसे. ते काढल्यापासून मुंबईत पुन्हा लावेपर्यंतच्या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात, आणि तिकिटावर तोच छापतात. जळगावला धावपट्टीपर्यंत जायला काही मिनिटं पुरतात. मुंबईत मात्र उतरल्यावर जागेवर पोचायलाच दहा-पंधरा मिनिटं जाऊ शकतात. तिथे दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणून एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दी असली की विमान आकाशात घिरट्या घालतं. कंपन्या हे सगळं धरून थोडी सैल वेळ छापतात, म्हणून अधूनमधून विमान 'वेळेआधी दहा मिनिटं' पोचतं. तेव्हा वैमानिकाचं कौतुक जरूर करा, पण ती दहा मिनिटं आधीच छापून ठेवलेली होती.

हा ब्लॉक टाइम लक्षात ठेवा. विमान रद्द झालं तर भरपाई त्यावरूनच ठरते (प्रश्न १४).

४. मग जेट विमान का येत नाही? आणि उन्हाळ्यात जागा रिकाम्या असून तिकीट का मिळत नाही?

जळगावची धावपट्टी साधारण १,७०० मीटरची आहे. एअरबस ए-३२० सारख्या जेटला पूर्ण भरून उडायचं तर दोन किलोमीटर किंवा त्याहून जास्त लांबी लागते. एटीआरला त्यापेक्षा पुष्कळ कमी जागा पुरते. छोट्या अंतरावर त्याला इंधनही कमी लागतं. साडेतीनशे किलोमीटरसाठी जेट आणलं तरी वाचतील फार तर पंधरा मिनिटं.

आता उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात जातो. तापलेली हवा विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद कमी पडते आणि पंखाही कमी हवा मागे ढकलतो. धावपट्टी तेवढीच, मग वजन कमी करणं हाच उपाय उरतो. म्हणून भर दुपारच्या विमानात कधी काही जागा मुद्दाम विकत नाहीत, कधी सामान मागे राहतं. तेच विमान सकाळी सातला निघालं तर अडचण येत नाही. मे महिन्यात निवड असेल तर सकाळचं घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो.

५. जाताना आणि येताना वेळ वेगळी का दाखवतात? अंतर तर तेच आहे.

वाऱ्यामुळे. हिवाळ्यात आपल्याकडे वरच्या थरात वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. मुंबईहून जळगावला येताना तो पाठीवर असतो, जाताना तोंडावर. समजा ताशी ५० किलोमीटरचा वारा आहे. येताना वेग ५५० झाला आणि ३५५ किलोमीटरला ३९ मिनिटं लागली. जाताना वेग ४५० झाला आणि ४७ मिनिटं लागली. फरक आठ मिनिटांचा. एवढ्या छोट्या पल्ल्यावर तो कुणाला जाणवत नाही. अमेरिकेच्या प्रवासात मात्र हाच फरक तासावर जातो.

जळगावच्या बाबतीत वाऱ्यापेक्षा मुंबईची गर्दी जास्त वेळ खाते. छापील वेळेतला फरक बहुतेक तिचाच असतो.

६. दोन गावांमधलं हवाई अंतर आपलं आपण काढता येतं का?

येतं, आणि दहावीचं गणित त्याला पुरतं. मोबाइलच्या नकाशावर बोट दाबून धरलं की त्या जागेचे अक्षांश-रेखांश दिसतात. जळगाव विमानतळ २०.९६ उत्तर, ७५.६३ पूर्व. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व.

अक्षांशातला फरक १.८७. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर २०८. रेखांशातला फरक २.७६. रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ येत जातात, त्यामुळे आपल्या भागात, म्हणजे २० अंशांच्या आसपास, एक अंश रेखांश सुमारे १०४.५ किलोमीटरचा भरतो. पूर्व-पश्चिम अंतर २८८. आता पायथागोरस: २०८ चा वर्ग अधिक २८८ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ३५५.

खान्देशातून महाराष्ट्र-गुजरातपुरतं हे गणित चोख बसतं. दिल्लीपर्यंतही ढोबळमानाने चालतं, फक्त रेखांशाचा आकडा दोन्ही गावांच्या मधल्या अक्षांशाचा घ्यायचा. दुबई-लंडनसाठी वापरू नका. तिथे पृथ्वीची गोलाई मध्ये येते आणि सगळ्यात जवळची वाट सपाट नकाशावर वाकडी दिसते. घरी पृथ्वीगोल असेल तर त्यावर दोरा ताणून बघा.

७. विमान वर जातं आणि खाली येतं, ते अंतर यात धरलेलं असतं का?

एका नववीतल्या मुलाने विचारलं होतं. धरलेलं नसतं. पण पाच किलोमीटर उंच चढायला विमान साठेक किलोमीटर घेतं, म्हणजे तो चढ इतका मंद असतो की सरळ आणि तिरक्या अंतरात दोनशे-सव्वादोनशे मीटरचाच फरक पडतो. उतरतानाही तेवढाच. वरचा वर्तुळाकार मार्ग जरा मोठा असतो, त्याचे आणखी तीनशे मीटर. सगळं मिळून किलोमीटरही भरत नाही.

८. पुणे, गोवा, हैदराबाद, अहमदाबाद यांचं अंतर किती?

हवाई अंतर, विमानतळ ते विमानतळ: पुणे सुमारे ३२० किलोमीटर, अहमदाबाद ३९०, हैदराबाद ५१०, गोवा (मोपा) ६१०. एटीआरला पुण्यासाठी तिकिटावर साधारण मुंबईइतकीच वेळ धरा, गोव्याला पाऊणे दोन तासांपर्यंत.

यात पुण्याचा आकडा बघण्यासारखा आहे. आकाशातून पुणं मुंबईपेक्षा जवळ आहे. रस्त्याने अजिंठा, सिल्लोड, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर असं गेलात तर चारशे किलोमीटरच्या आत-बाहेर. पण रेल्वेने मनमाड-दौंडवरून ४७० च्या आसपास आणि कल्याणवरून गेलात तर पाचशेच्या वर. म्हणूनच पुण्याला जाणाऱ्या पोराबाळांची रात्र ट्रॅव्हल्समध्ये जाते.

९. खरंच वेळ वाचतो का? घरून निघाल्यापासून सांगा.

मुंबईचा हिशोब आधी. जळगावात घरातून विमानतळ वीस-पंचवीस मिनिटं. अजिंठा चौफुलीवर गर्दी असली तर आणखी दहा. काउंटर विमान निघण्याच्या साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणून सव्वा-दीड तास आधी पोचायचं. तिकिटावरचा सव्वा तास. मुंबईत उतरून बॅग हातात यायला अर्धा तास. तिथून अंधेरी-वांद्र्यापर्यंत अर्धा-पाऊण तास. एकूण चार ते साडेचार तास. रेल्वेने घर ते घर सात-आठ तास, राजधानीचं तिकीट मिळालं तर त्याहून थोडे कमी.

म्हणजे तीन तास वाचतात. पण कुठे उतरायचंय ते बघा. आपल्याकडचे निम्मे पाहुणे कल्याण-डोंबिवली-अंबरनाथला राहतात. रेल्वे त्यांच्या दारात उतरवते. विमानतळावरून उलट कल्याणला यायचं तर दीड-दोन तास रस्त्यात जातात आणि वाचलेले तीन तास संपतात. कल्याणला जाणाऱ्याला मी विमानाचं तिकीट देत नाही, दुकानदार असूनही.

दुसरं, रात्र. रात्री दहा-अकराला गाडीत झोपून पहाटे दादरला उतरणाऱ्याचा दिवसातला वेळ जवळजवळ जात नाही. त्याचे 'सात तास' आणि विमानाचे 'साडेचार तास' एका तराजूत घालता येत नाहीत. विमान कामी येतं ते दिवसा जायचं असेल तेव्हा, म्हातारं माणूस बरोबर असेल तेव्हा, किंवा तातडीने दवाखान्यात पोचायचं असेल तेव्हा.

पुण्याचं उत्तर वेगळं आहे. रस्त्याने आठ-नऊ तास, दिवसा सोयीची थेट गाडी हातावर मोजण्याइतकी. तिथे विमानाने अर्धा दिवस वाचतो, आणि विमान असेल त्या दिवशी पुण्यासाठी मी डोळे झाकून विमान सुचवतो.

१०. आम्ही धुळ्याचे / नंदुरबारचे. आम्हाला जळगाव जवळ की दुसरं कुठलं?

धुळ्याहून जळगाव रस्त्याने नव्वदेक किलोमीटर आहे. नाशिकचा ओझर विमानतळ आणि शिर्डीचा काकडीचा विमानतळ, दोन्ही साधारण दीडशेच्या आत. जवळचं जळगावच, पण ओझर आणि शिर्डीला जेट उतरतं आणि दिल्ली-बंगळूरसारखी लांबची शहरं थेट मिळतात. मुंबईला जायला धुळेकराने विमानाच्या भानगडीत पडूच नये. नव्वद किलोमीटर पूर्वेला येऊन मग पश्चिमेला उडायचं, तेवढ्यात गाडी नाशिकच्या पुढे गेलेली असते. धुळ्याच्या गोंदूरला धावपट्टी आहे, पण तिथे वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं, तिकिटाचं विमान नाही.

नंदुरबार, नवापूर, तळोदा या बाजूला तर सुरतच सोयीचं. ताप्ती व्हॅली लाइनने नंदुरबार-सुरत साधारण १६० किलोमीटर. भुसावळ, यावल, रावेरकरांना जळगाव. चाळीसगावकरांनी संभाजीनगर आणि जळगाव दोन्हीकडच्या वेळा बघून ठरवावं.

११. सध्या जळगावहून विमान सुरू आहे का? कुठे कुठे?

याचं उत्तर लिहून ठेवलं की पंधरवड्यात शिळं होतं, म्हणून फोन करा किंवा कंपनीच्या साइटवर तारीख टाकून बघा. वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं: मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी सुरू होतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. बऱ्याच सेवा आठवड्यातून काही दिवसच असतात, त्यामुळे 'मंगळवारी होतं, बुधवारी का नाही' असं विचारू नका.

मागची हकिगत थोडक्यात अशी. विमानतळाचं उद्घाटन मार्च २०१२ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केलं, त्या आपल्याच जिल्ह्याच्या. नंतर कित्येक वर्षं तिथे नेत्यांची विमानं सोडून काही उतरलं नाही. छोटी शहरं विमानाने जोडायच्या सरकारच्या उडान योजनेत डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचं एकोणीस आसनी विमान मुंबईसाठी सुरू झालं आणि थोड्याच महिन्यांत थांबलं. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रूजेटचं एटीआर आलं, मुंबई आणि अहमदाबादला. तेही पुढे बंद पडलं. २०२४ मध्ये फ्लाय ९१ ने गोवा, हैदराबाद आणि पुण्याला, तर अलायन्स एअरने मुंबईला सेवा सुरू केली.

हे वाचून तुम्हीच ठरवा, लग्नाच्या वऱ्हाडाची तिकिटं सहा महिने आधी काढायची की नाही. मी काढून देतो, पण रेल्वेचा पर्याय मनात ठेवायला सांगतो.

१२. अंतरावरून विमानाचं भाडं ठरतं का? गोव्यापेक्षा मुंबई महाग कशी?

एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर चालतं, रेल्वेचंही किलोमीटरवर. विमानाचं तसं नाही. तिथे त्या दिवशी किती जागा उरल्या आणि किती लोकांना जायचंय हे बघतात. उडान योजना सुरू झाली तेव्हा तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपयांची मर्यादा होती, पण ती विमानातल्या साधारण निम्म्या जागांनाच. उरलेल्या जागा तेव्हाही बाजारभावानेच जायच्या.

१३. मुंबईहून पुढे परदेशाचं विमान आहे. मध्ये किती वेळ ठेवू?

दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तर कंपनी जो वेळ दाखवते तो चालतो, चुकलं तर पुढची सोय तीच करते. पण जळगावहून बहुतेकांची तिकिटं वेगवेगळी असतात. पहिलं विमान रद्द झालं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं देणंघेणं नाही. वेगळ्या तिकिटांवर सहा तासांच्या खाली मी कुणाला जाऊ देत नाही, आणि अमेरिका-कॅनडा असेल तर आदल्या दिवशी मुंबई गाठायला सांगतो. पावसाळ्यात रेल्वेलाही तोच नियम. कसारा घाटात दरड आली की गाड्या इगतपुरीला उभ्या राहतात.

दोन गोष्टी तिकिटावर बोट ठेवून वाचा. पहिली, विमानतळ कोणता. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही चालू झाला आहे. तिकिटावर बीओएम असेल तर जुना, एनएमआय असेल तर नवी मुंबई. दुसरी, टर्मिनल एक की दोन. जुन्या विमानतळावर दोन्हींमध्ये रस्त्याने चार-पाच किलोमीटर आहेत. रेल्वेने सीएसएमटीला उतरणाऱ्यांसाठी मात्र आता चांगली सोय झाली आहे. भुयारी मेट्रो तिथूनच मिळते आणि दोन्ही टर्मिनलपाशी थांबते.

आणि मध्यरात्रीचा सापळा. परदेशाची पुष्कळ विमानं रात्री बारानंतर निघतात. तिकिटावर '१२ जून, ००:४०' असेल तर ती ११ तारखेची रात्र आहे. म्हणजे ११ तारखेच्या संध्याकाळी तुम्ही विमानतळावर पाहिजेत आणि जळगावहून १० च्या रात्री किंवा ११ च्या पहाटे निघायला हवं. माझ्या घरातच हे घडलं आहे. मावसभाऊ पेढे वाटून, सगळ्यांच्या पाया पडून १२ तारखेच्या संध्याकाळी गाडीत बसायला निघाला होता. विमान अठरा तासांपूर्वीच गेलं होतं. तिकीट मीच काढलं होतं आणि तारीख फोनवर मीच सांगितली होती, त्यामुळे त्यांच्या घरच्या लग्नकार्यात हा विषय अजून निघतो.

१४. विमान उशिरा आलं किंवा रद्द झालं तर काय मिळतं?

नियम डीजीसीएचे, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचे आहेत. अडीच तासांपर्यंत ब्लॉक टाइम असलेलं विमान दोन तास किंवा जास्त उशिरा असेल तर खाणं-पिणं कंपनीने द्यायचं. उशीर सहा तासांच्या पुढे जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं तुम्ही निवडायचं.

रद्द झाल्याचं वेळेत कळवलं नाही तर पैशाशिवाय भरपाईही आहे, आणि ती ब्लॉक टाइमवर ठरते. एक तासापर्यंतच्या प्रवासाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५००, दोन तासांपेक्षा जास्तीला १०,०००. पण हा आकडा आणि तुमचं मूळ भाडं अधिक इंधन आकार, यात जे कमी असेल ते मिळतं. दोन हजाराच्या तिकिटावर साडेसात हजार मागायला जाऊ नका. हवामान किंवा हवाई वाहतूक नियंत्रणामुळे रद्द झालं तर भरपाई नाही, पैसे परत किंवा दुसरं विमान एवढंच. आणि तिकीट काढताना स्वतःचा मोबाइल नंबर द्या. एजंटाचा दिला तर निरोप एजंटाकडे जातो आणि कंपनी म्हणते, आम्ही कळवलं होतं.

१५. मुंबईहून दहाला निघून पावणेबाराला दुबईत. पावणेदोन तासांत दुबई?

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. पावणेदोनमध्ये दीड मिळवा, सव्वातीन तास. येताना उलट: दुपारी एकला निघून साडेपाचला मुंबई, म्हणजे साडेचारातून दीड वजा, तीन तास. पाव तासाचा फरक वाऱ्याचा (प्रश्न ५).

न्यूयॉर्कला जरा सांभाळून. उन्हाळ्यात ते साडेनऊ तास मागे असतात आणि हिवाळ्यात साडेदहा, कारण तिकडे वर्षातून दोनदा घड्याळ सरकवतात. जुलैत रात्री दीडला निघालेलं विमान त्याच दिवशी सकाळी साडेसातला पोचतं असं दिसतं. सहा तास वाटले तरी प्रवास साडेपंधरा तासांचा असतो.

मुंबई-जळगावला घड्याळ एकच, म्हणून असलं काही करावं लागत नाही. सूर्य मात्र फरक पाळतो. पावणेतीन रेखांश म्हणजे अकरा मिनिटं. माध्यान्ह जळगावला मुंबईपेक्षा तेवढी आधी होते.

१६. खिडकी कोणत्या बाजूची घेऊ?

मुंबईला जाताना विमान नैर्ऋत्येला जातं. उजव्या हाताला तापीचं खोरं आणि स्वच्छ हवा असली तर मागे सातपुडा. डाव्या हाताला अजिंठ्याची डोंगररांग, पुढे सह्याद्री. पावसाळ्यानंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, केळीच्या बागांचे हिरवे चौकोन बघायचे तर उजवी बाजू. एटीआरचे पंख खिडकीच्या वर असतात, त्यामुळे खाली बघायला आड काही येत नाही. फक्त इंजिनाच्या शेजारच्या रांगा आवाजाच्या. चढ-उतार मागच्या दाराने होते, तेव्हा घाई असणाऱ्यांनी पुढची सीट मागू नये. पुढे बसलेला सगळ्यात शेवटी उतरतो.